पानकोंबडीचा पत्ता

कमळीकाकीच्या शेतामागची पाणथळ जागा भरावाखाली गेली. अजून गेलेली नाही, असं धरून पुढे वाचा.

२००३ साली सगळ्या देशांनी पक्ष्यांची माहिती एकाच नमुन्याच्या तक्त्यात भरायचं ठरवलं. वसईचा तक्ता काकीच्या पुतण्याने, मितेशने, विरारच्या फ्लॅटमध्ये बसून भरला. काकीने सांगितलेल्या पानकोंबडीपुढे त्याने लिहिलं, राहण्याची जागा: झाडाची पानं.

"मेल्या, पान म्हनजे पानी! माज्याच घरात बोलायला शिकलास ना?"

"काकी, दहा देशांत तेच गेलंय. आता सगळीकडे सारखंच पाहिजे."

वसईच्या तक्त्यात पाण्यावर राहणारा एकही पक्षी उरला नाही, म्हणून पाणथळीवर भराव टाकायला सरकारी परवानगी मिळाली. काकीने हरकत घेतली. लेखी उत्तर आलं:

 

"सदर पक्ष्यांनी नोंदीनुसार तत्काळ झाडावर राहावयास जावे, ही विनंती."