गौरीपुढची टाकी

"अहो कुंदाताई, हे काय केलंत?" आंबेडाळीचं पातेलं खाली टेकवून विदुला माशांच्या काचेच्या टाकीकडे धावली. टाकीभोवती चैत्रगौरीची आरास मांडता मांडता नणंदबाईंनी पाण्यात बाजारातले चार सोनेरी मासे सोडले होते. मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"रिकामी टाकी गौरीपुढे बरी दिसते का?"

"रिकामी? समुद्रासारखं खारं पाणी आहे ते! तुमचे मासे गोड्या पाण्यातले, मरतील ना!" एकेक मासा जाळीनं उचलून विदुला घंगाळातल्या गोड्या पाण्यात सोडत होती, पण संताप काही आवरत नव्हता. "माळ्यावरची टाकी मी काढली, मी घासली. महिनाभर मीठ मोजतेय, पाणी तपासतेय. डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत त्यात. ते वाढले, घाण पचवायला लागले, की मगच समुद्रातले मासे आणायचे. घरातले सगळे हसतात, हसू देत. पण हात घालण्याआधी विचारायचं तरी!"

कुंदाताईंनी घंगाळ सरकवून गौरीपुढे मांडलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी घंगाळातले मासे बघून कुंदाताईंचं भरभरून कौतुक केलं. कुंदाताईंनी ते खुशाल घेतलंही. विदुला पन्ह्याचे पेले आपटतच ठेवत होती.

"आणि ही टाकी रिकामीच का हो?" एकीनं काचेवर टकटक केलं.

"रिकामी कसली?" कुंदाताई फटकन म्हणाल्या. "आमच्या विदुलानं समुद्राला विरजण लावलंय त्यात. दही लागेपर्यंत भांडं हलवतो का आपण? व्हा बघू बाजूला!"