स्पार्टा हरल्यानंतर

निवृत्त प्राध्यापिका नीरजा सबनीस नॉर्थ यॉर्कच्या लायब्ररीत प्राचीन स्पार्टावर बोलणार होत्या. संयोजक शंतनू म्हणाला, “मॅडम, लढाया जिंकल्या तिथेच एंड करूया ना. हरल्यानंतरचं ऐकून लोक बोअर होतात.”

“हरल्यावरही माणसं राहतच होती रे तिथे. त्यांचंही सांगणार मी.”

दुपारी हॉल भरला. नीरजाताई सांगू लागल्या, “सैन्य गेलं, दरारा गेला. मग रोमन पाहुणे तमाशा बघायला येऊ लागले. देवीच्या वेदीपुढे पोरांना फटके मारत. पण पोरं हूं की चूं करत नसत.”

सप्पकन आवाज आला, हवेत छडी फिरावी तसा.

शंतनूने दचकून वळून पाहिलं. पुढच्या वाक्याला पुन्हा तोच आवाज आला, आता नीरजाताईंच्या अगदी मागून. श्रोते मात्र दचकले नाहीत. ते खुर्च्यांत थोडे पुढे सरकून बसले.

“मॅडम, थांबूया का?” शंतनू कुजबुजला.

“मुळीच नाही.”

तिसऱ्या आवाजासरशी त्यांच्या पाठीत आग उसळली आणि ब्लाउज ओला होत गेला. समोर कुणीतरी टाळी वाजवली.

नीरजाताईंनी ओठ घट्ट मिटले, पाठ ताठ केली आणि पुढची स्लाइड लावली.