डंपमध्ये काय निघालं

"नाव कळल्याशिवाय इथून कोणी हलायचं नाही!" मॅनेजर साहेबांनी टेबलावर हात आपटला. कंपनीच्या मालकीणबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

काल भर दुपारी कंपनीचा मुख्य सर्व्हर कोसळला होता. घरपोच औषधांच्या ऑर्डरी अडकल्या, गिऱ्हाइकांनी फोनवर आईबाप काढले. आज मालकीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून बजावलं होतं, ज्याच्यामुळे हे झालं तो कायमचा घरी जाईल. साहेबांनी सर्वांत जोरात मान डोलावली. दुसऱ्याला घरी पाठवायचं म्हटलं की त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येई. शिवाय कोणाला पाठवायचं हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. 'पोरगी जरा निष्काळजीच आहे,' असं जिन्यातच त्यांनी मालकीणबाईंच्या कानावर घातलं होतं.

ती पोरगी, म्हणजे सर्व्हर सांभाळणारी, ऑफिसातली सर्वांत धाकटी, उभी राहिली.

"मॅडम, सिस्टिमचा गाभा कोसळतो ना, तेव्हा त्या क्षणी मेमरीत जे असेल ते सगळं डिस्कवर उतरवून ठेवायची सोय असते. त्याला डंप म्हणतात. कुठल्या प्रोग्रॅमने घोळ घातला, तो कोणी चढवला, सगळं त्यातून शोधता येतं."

"सगळं?" साहेबांनी विचारलं.

"सगळं. कालचा डंप मी आत्ताच बघून आले. त्यात—"

"थांब जरा!"

कोणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं ही रीतच साहेबांना ठाऊक नव्हती. पण आजच्या 'थांब'मध्ये दम नव्हता. सर्व्हरचा पासवर्ड त्यांनी केवळ रुबाबासाठी मागून घेतला होता. मग महिन्यापूर्वी त्याच पासवर्डने एक स्वस्तातला, चोरून पाळत ठेवणारा प्रोग्रॅम थेट गाभ्यात बसवला. कोण काम करतं आणि कोण जांभया देतं, याचं दिवसभर चित्रण व्हायचं. काल दुपारी त्यांनी त्याची नवी आवृत्ती चढवली, आणि त्यांचा हात कीबोर्डवरून निघतो न निघतो तोच सर्व्हर आडवा झाला.

"सर, ऐकून तर घ्या, त्यात—"

"अगं थांब म्हटलं ना!" खाई त्याला खवखवे. हिच्या तोंडून निघण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, निदान चार शब्द गोड करून सांगता येतील, असा साहेबांनी हिशेब केला. त्यांनी घाम पुसला आणि छाती पुढे काढली. "मॅडम, तो पाळतीचा प्रोग्रॅम मीच चढवला. कंपनीच्या भल्यासाठी! या लोकांवर नजर नको का ठेवायला? प्रत्येकाच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. गेल्या महिन्यात आपण स्क्रीनवर काय काय केलं, हे जो तो आठवत होता.

"माझ्याही स्क्रीनचं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा, मॅडम," साहेब अभिमानाने बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

मालकीणबाईंनी कप बाजूला सारला. "तुम्ही निघा. उद्यापासून यायचं नाही." मग त्या धाकटीकडे वळल्या. "आणि तू काय सांगत होतीस? डंपमध्ये काय निघालं?"

"काहीच नाही, मॅडम," धाकटी चाचरत म्हणाली. "डिस्क आधीच कसल्याशा व्हिडिओंनी गच्च भरली होती, डंपला जागाच मिळाली नाही, फाइल रिकामीच राहिली. कोणाचंच नाव सांगता येणार नाही, म्हणून मी माफी मागायला उभी राहिले होते."