अकरा नंबरच्या सांध्यावरचा पहारा

रिम्मा अकरा नंबरच्या सांध्यात वाकून खराट्यानं बर्फ उडवत होती, आणि क्लावा चार पावलांवर गळ्यात पितळी भोंगा अडकवून नुसती उभी होती. हेच तिला खुपत होतं. सव्वीस हिवाळे तिनं या स्टेशनचे सांधे साफ केले होते. दोन रुळांच्या फटीत मूठभर बर्फ दाबला गेला की हलता रूळ नीट टेकत नाही, सांधा अडतो आणि उरलपलीकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या खोळंबतात. सव्वीस हिवाळ्यांत क्लावाचा सांधा एकदाही अडला नव्हता. आणि आता तिला खांबासारखं उभं केलं होतं.

उभं करणारी कोण, तर रिम्मा. नऊ वर्षांपूर्वी कामावर आली तेव्हा झाडलेला बर्फ वारा परत फटीत घालतो, एवढंही या बाईला कळत नव्हतं. वाऱ्याच्या दिशेनं झाडावं; हात घालण्याआधी फटीत लाकडी पाचर बसवावी, म्हणजे आत बसून कुणी सांधा हलवायचा खटका दाबला तरी बोटं शाबूत राहतात; हे सगळं क्लावानं शिकवलं. आणि ऑक्टोबरात मुकादमाची जागा रिकामी झाली, तेव्हा स्टेशनमास्तरनं ती दिली रिम्माला.

त्या दिवसापासून क्लावा तिला पाण्यात पाहत होती. उणे सत्तावीसात पाणी कुठलं, पण ज्याला पाहायचंय त्याला ते सापडतं. रिम्माचं नवं नारिंगी जाकीट तिला सहन होत नव्हतं, तिचं हसणं तर त्याहून नाही. रिम्मा घरून कोबीच्या कचोऱ्या करून आणायची. मीठ जास्त झालंय, असं म्हणत क्लावा त्या तीन-तीन खायची.

सगळ्यात जास्त जळफळाट व्हायचा तो या भोंग्यापायी. गाडी दिसली की भोंगा वाजवायचा हा पहारा मुकादमानं करावा आणि हाताखालच्या बाईनं खराटा चालवावा, अशी इथली रीत. पण रिम्मा रोज सकाळी भोंगा क्लावाच्या गळ्यात घालायची आणि खराटा स्वतः उचलायची. कशासाठी, ते क्लावा पुरतं ओळखून होती. मास्तरची खिडकी समोरच होती. मुकादम असूनही कशी राबते, हे त्याला दिसायला नको? आणि म्हातारी कामातून गेली, हेही दिसायला नको?

तेवढ्यात रिम्माच्या खिशातला वॉकीटॉकी खरखरला. तिनं कंबर सरळ केली, ऐकलं, क्लावाकडे एक नजर टाकली आणि हसून काहीतरी उत्तर दिलं. बाकीचे शब्द वाऱ्यानं नेले, पण स्वतःचं नाव क्लावाला बरोबर ऐकू आलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ठरतंय तर. वसंतापर्यंतसुद्धा थांबायला तयार नाहीत. निरोपाला एक केक कापतील, भिंतीवरचं घड्याळ हातात देतील आणि हीच कालची पोर उभी राहून दोन गोड शब्द बोलेल. रिम्मा पुन्हा खाली वाकली. क्लावा त्या नारिंगी पाठीकडे बघत राहिली. किती वेळ, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं.

मान वळवली तेव्हा इंजिन सिग्नल ओलांडून आलं होतं. मालगाडीला चढावर ढकलून एकटंच परत निघालेलं. ताज्या बर्फानं त्याचा आवाज पार खाल्ला होता.

क्लावानं जिवाच्या आकांतानं भोंगा वाजवला. रिम्मानं तो ऐकलाही. पण ती घाई करेना. क्लावाचा भोंगा वाजला म्हणजे हातातलं काम आवरण्याइतका वेळ आहे, हे नऊ वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिनं मान वर न करता पाचर काढून खिशात टाकली. फावडं बाजूला ठेवलं. मग खराट्याकडे हात नेला.

क्लावा धावली. कॉलरला धरून तिनं रिम्माला मागे खेचलं आणि दोघी बर्फाच्या ढिगात आडव्या झाल्या. इंजिन शिट्टी मारत त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावरून गेलं. खराटा चाकाखाली गेला.

रिम्मा उठून बसली. चेहरा पांढराफटक पडला होता, तरी ती हसली.

"वारा असा बर्फ उडवतोय, त्यात कुणाला काय दिसणार, मावशी. आणि मास्तर आत्ता काय म्हणत होता माहीत आहे? म्हणे, क्लावाला आत शेगडीपाशी बसव, भोंग्याला तरणे डोळे हवेत. मी म्हटलं, खराटा हवा त्याला द्या. मी पाठ करून वाकते ती फक्त क्लावामावशीच्या भरवशावर. ते जमत नसेल, तर तुमचं मुकादमपण तुमच्यापाशीच ठेवा."

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. मास्तरनं खिडकीतून दोघींना बर्फात पडताना पाहिलं होतं. उडत्या बर्फामुळे इंजिन दिसलं नाही, मावशीनं वाचवलं, असं रिम्मानं त्याला सांगितलं. शाबास, मास्तर म्हणाला. क्लावाचं नाव तो आजच मोठ्या कचेरीत कळवणार होता. सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच, असंही म्हणाला. सव्वीस वर्षांत हे तो पहिल्यांदाच म्हणत होता.

क्लावानं हात पुढे केला. रिम्मानं वॉकीटॉकी तिच्या हातात दिला. आभार मानायचे असतील, असं रिम्माला वाटलं.

"सिग्नलपर्यंत स्वच्छ दिसत होतं, मास्तर," क्लावा म्हणाली. "मी रुळांकडे बघतच नव्हते. मी हिच्याकडे बघत होते."