नेहमीची जागा

बाळांनो, डोळे मिटा आणि रविवारचं भरलेलं चर्च मनात आणा. गावात नव्यानं राहायला आलेली एक आजी शेवटच्या बाकावर टेकली, तोच सुतारकाका म्हणाले, "इथं नको हं आजी, ही माझी नेहमीची जागा." ती पुढच्या बाकापाशी गेली. तिथं शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, इथं आमच्या जाऊबाई बसतात."

"कुठं आहेत त्या?"

"त्या देवाघरी गेल्या. पण जागा त्यांचीच!"

समोर पाळकसाहेब हात पसरून सांगत होते, "देवाच्या घरात सर्वांना जागा आहे!" सगळे दणक्यात म्हणाले, "आमेन!" आजीनं मात्र पिशवी उचलली आणि ती दाराकडे निघाली.

तेवढ्यात पाळकसाहेबांची धाकटी लेक धावत आली. आजीचा हात धरून तिनं तिला थेट पुढं नेलं आणि बाबांच्या उंच खुर्चीत बसवलं.

उपदेश संपवून पाळकसाहेब बसायला वळले, तर खुर्चीत आजी!

"इथं नको हं बाबा," लेक म्हणाली, "ही आजींची नेहमीची जागा."

मग ती खालच्या पायरीवर बसली आणि थोडं सरकून तिनं बाबांना जागा करून दिली.