घराचं वळण

सुलभाताईंच्या लेकीला स्थळ आलं, तेव्हा दोन्ही घरांनी हल्लीच्या रिवाजाप्रमाणे पत्रिकेऐवजी घरातल्या सगळ्या समारंभांचे व्हिडिओ एकमेकांना पाठवले. सुलभाताईंकडच्या तपासणी-यंत्राने मुलाकडचे व्हिडिओ चाळून त्या घराचं वळण सांगितलं: "मुलाची आई सगळ्यांना वाढते. जेवताना ती कुठेच सापडली नाही."

"असलं घर नको," सुलभाताईंचे यजमान म्हणाले. "आपली पोर जन्मभर वाढपीण होईल."

तेवढ्यात मुलाच्या आईचाच फोन आला.

"तुमचे व्हिडिओ आम्हीही तपासले हो, ताई. तुम्हीही जेवताना सापडला नाहीत."

सुलभाताईंनी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी पेपर वर धरला.

"मुलांचं मुलं ठरवतील," फोनवरून मुलाची आई म्हणाली. " आज आपण दोघी खानावळीत बसू या. वाढायला दुसरं कुणी असेल."

"स्थळ चांगलं आहे," एवढंच यजमानांना सांगून सुलभाताईंनी गॅस बंद केला. यजमानांचं जेवण अजून व्हायचं होतं.