जांभळीच्या रानातली हाक

"आई, तूच हाक मार. तुझ्याशिवाय कुणाचा आवाज ओळखत नाहीत ते आता," निलेश म्हणाला.

सुगंधाने पदर खोचला. बोरिवलीतल्या त्यांच्या चाळीमागेच जांभळीचं रान सुरू होई. चार वाजता गुणाजी त्यात शिरला तो शिरलाच. पायात चपला नसलेला, सून कोण आणि मुलगा कोण ते विसरलेला पंच्याहत्तरीचा म्हातारा. आता सहा वाजून गेले होते आणि या भागात अंधार पडला की बिबट्या फिरतो हे शेंबडं पोरही सांगेल.

"अहो, निलेशचे बाबा!" ती ओरडली. जरा थांबून पुन्हा एकदा ओरडली. मग तिघांनी कान दिला. काहीच नाही.

"काकी, इथली ती बाई घरच्याच माणसाच्या आवाजात बोलावते म्हणतात," शेजारचा नंदू पुटपुटला. "काका तिच्यामागे तर गेले नसतील ना?"

"नंद्या, गप ना यार."

ओढ्यापाशी सुगंधाने हाका मारल्या. मोडक्या कुंपणापाशी मारल्या. तिचा घसा बसत चालला. प्लास्टरमधला डावा हात फांदीवर आपटला आणि ती कळवळली.

"न्हाणीत किती वेळा पडतेस गं? लहानपणापासून बघतोय," निलेश म्हणाला.

"चल पुढे."

करवंदीची जाळी हलली. निलेश धावला तसा तिने त्याचा सदरा धरला.

"माकड असेल. आत साप असतात, जाऊ नको. मी बोलावते."

तिने बोलावलं. जाळी गप्प.

अंधारलं. वनखात्याला कळवू म्हणत नंदू मागे वळला. निलेश वाटेतच मटकन बसला आणि रडायला लागला.

"आवाज ऐकत असतील तर ओ का देत नाहीत गं ते?"

सुगंधाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा गुणाजीनेच तिला बजावलं होतं की या रानात तिसरी हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही, भुताला दोनच हाका मारता येतात. बाकी सगळं विसरला तरी तो हे विसरला नव्हता. आणि आज प्रत्येक ठिकाणी तिने मोजून दोनच हाका मारल्या होत्या.